गोडे पाणी कुठले? मुंबईहून तीन सहली

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. एका शाळेच्या नववीच्या मुलांबरोबर आम्ही कान्हेरीची लेणी पाहायला गेलो होतो. मोठे चैत्यगृह पाहून झाले होते. इतिहासाच्या बाई शतके आणि राजघराणी सांगत होत्या, मुले ती वहीत उतरवून घेत होती. अकराच्या सुमारास ऊन तापले. एका मुलीने आपली बाटली उलटी करून पाहिली आणि विचारले, "सर, इथे नळ कुठे आहे?" नळ खाली राहिला, हे कळल्यावर ती म्हणाली, "मग त्या भिक्षूंना पाणी कोण आणून देत होतं?"

सहलीच्या माहितीपत्रकात हा प्रश्न नसतो. तिथे राजे असतात, सनावळ्या असतात, मूर्तींची वर्णने असतात. पण माणसे एखाद्या जागी शेकडो वर्षे राहिली, तर तिथे पिण्याचे पाणी असलेच पाहिजे. ते कुठून आले, हे विचारले की प्राचीन वास्तू ही विज्ञानाची प्रयोगशाळा होते. पुढे आम्ही हाच एक प्रश्न घेऊन आणखी दोन ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणे मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी आहेत. तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळे मिळाले.

आधी कोडे नीट मांडू. मुंबईत वर्षाला साधारण २००० ते २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाश कोरडे. तिन्ही बाजूंना समुद्र, पण त्यातला एक पेलाही पिता येत नाही. म्हणजे इथे पाण्याचा तुटवडा नाही. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

कान्हेरी : कातळातील टाकी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास सुरू झालेले हे खोदकाम पुढे हजारेक वर्षे चालू होते. दहाव्या शतकानंतरही लोक इथे येत होते. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

लेण्यांच्या अंगणात उभे राहून एका बाजूला पाहा. कातळात चौकोनी तोंड कोरलेले दिसेल, आत पाणी असेल. हेच टाके. इथल्या ब्राह्मी लिपीतील लेखांत त्याला 'पोढि' म्हटले आहे, आणि लेण्याबरोबर पोढीचेही दान केल्याची नोंद पुन्हा पुन्हा येते. दान देणारे कल्याण, सोपारा अशा गावांतले व्यापारी, सोनार असे लोक आहेत. पाण्याचे टाके खोदून देणे हे लेणे खोदून देण्याइतकेच मोलाचे काम मानले जात होते, हे मुलांना या नोंदींवरून लगेच पटते.

आता हिशेब करू. मुलांना दोरी आणि मोजपट्टी द्यावी. टाक्यात कोणी उतरायचे नाही. दोरीला दगड बांधून काठावरूनच खोली मोजायची, आणि तीही तिथल्या राखणदाराला विचारून. समजा, टाके ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे. त्याचे घनफळ १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर धरले, तर आठ महिन्यांच्या २४० दिवसांत एका माणसाला १,२०० लिटर लागतील. एक टाके दहा माणसांना पुरले! धुण्या-आंघोळीसह रोज १० लिटर धरले तरी पाच जणांची सोय झाली. आता लेण्यातल्या झोपण्याच्या खोल्या मोजायच्या आणि आकडे जुळतात का ते पाहायचे. हा भाग मुलांना फार आवडतो, कारण उत्तर पुस्तकात नसते.

टाके भरायला किती पाऊस हवा? लेण्याच्या माथ्यावरचा १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद उघडा कातळ धरू. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. (१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर, हे सूत्र मुलांकडून पाठ करून घ्यावे.) १२,००० लिटरसाठी १२० मिलिमीटर पाऊस पुरे. मुंबईत इतका पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो. आणि वर्षभरात त्या एवढ्याशा कातळावर दोन लाख लिटर पाणी पडते. म्हणजे खोदणाऱ्यांना पाणी शोधायचे नव्हते. वाहून जाणारे पाणी वळवून साठवायचे होते. म्हणूनच उतारावर कोरलेले पन्हळ दिसतात. त्यातले एखादे बोटाने दाखवत वरपासून टाक्यापर्यंत न्यावे.

इथे दोन शंका येतात. पहिली : दगडातून पाणी झिरपून जात नाही का? इथला खडक ज्वालामुखीजन्य आहे. अशा खडकात पुष्कळदा बारीक छिद्रे दिसतात, ती तापलेल्या लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांची. पण छिद्रे असणे वेगळे आणि त्यांतून पाणी वाहू शकणे वेगळे. छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतील तर पाणी पुढे सरकत नाही. पहिल्या गुणधर्माला सच्छिद्रता म्हणतात, दुसऱ्याला पारगम्यता. अखंड कातळ सच्छिद्र असला तरी फारसा पारगम्य नसतो. पाणी गळते ते भेगांमधून. त्यामुळे टाक्याची जागा निवडणे हे खडक ओळखणाऱ्याचे काम होते.

दुसरी शंका : आठ महिन्यांत पाणी आटत नाही का? उघड्या तळ्यातून कोरड्या ऋतूत रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरू. २४० दिवसांत १,२०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या २ मीटर खोल टाक्यातले निम्म्याहून अधिक पाणी. हिशेबाने ७,२०० लिटर गेले. आता टाक्याचे तोंड नीट पाहा. बऱ्याच टाक्यांत तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी आहे. वर दगडाचे छत असले की ऊन आणि वारा आत पोचत नाहीत, आतली हवा दमट राहते आणि बाष्पीभवन मंदावते. प्रकाश कमी म्हणून शेवाळही कमी. लहान तोंड ही सजावट नाही. हजारो लिटर पाणी वाचवणारी ती युक्ती आहे.

या डोंगराची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. मुंबईला नळाने पाणी पुरवणारा पहिला तलाव, १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार, आणि त्यानंतरचा १८७९ चा तुळशी तलाव, हे दोन्ही याच उद्यानाच्या परिसरात आहेत. भिक्षूंनी जो पाऊस टाक्यांत धरला, तोच इंग्रजांच्या काळातील अभियंत्यांनी धरण बांधून अडवला.

घारापुरी : चहूकडे पाणी, मध्ये तहान

दुसरी सहल गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने. तासाभराचा प्रवास. डिसेंबर २०२४ मध्ये या मार्गावर लाँचचा मोठा अपघात झाला होता, तेव्हा प्रत्येक मुलाने लाइफ जॅकेट घातल्याशिवाय निघू नये. समुद्र खवळलेला असेल तर बेत पुढे ढकलावा.

लाँचमध्येच प्रश्न विचारावा : तहान लागली तर हे पाणी प्यायले तर काय होईल? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे समुद्राइतके खारट मूत्र तयार करू शकत नाहीत. म्हणून एक लिटर समुद्राचे पाणी प्यायलो, तर त्यातले मीठ बाहेर टाकायला एक लिटरहून जास्त पाणी शरीराला खर्चावे लागते. पिऊन तहान वाढते, ती अशी.

घारापुरी बेटावर नदी नाही. तरीही सहाव्या शतकाच्या सुमारास इथे सुमारे ३९ मीटर लांबी-रुंदीचे शैव लेणे खोदले गेले. आतली त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे. १९८७ मध्ये या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इतके काम करायला कारागिरांचा मोठा तांडा लागला असणार, आणि त्यांना रोज गोडे पाणी लागले असणार. मुख्य लेण्याच्या बाजूच्या प्रांगणापाशी कातळात कोरलेले टाके आहे. मूर्तीपुढे सगळे थांबतात, टाक्यापाशी कोणीच थांबत नाही. आपण थांबावे. कान्हेरीचाच हिशेब इथे पुन्हा करता येतो, फक्त इथे चूक चालणार नव्हती. कान्हेरीच्या आसपास जंगल आणि ओढे तरी आहेत. बेटावर मार्चमध्ये टाके रिकामे झाले, तर पाणी पडावातून आणण्यावाचून गत्यंतर नाही.

पण घारापुरीत मुलांना पाण्याची दुसरी बाजूही दाखवता येते. लेण्याचे छत म्हणजे डोंगरच. पावसाचे पाणी त्याच्या भेगांत शिरते आणि सावकाश आत पाझरते. भिंतींवर ओघळ, पांढुरके डाग, हिरवट थर दिसतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षारांचे सूक्ष्म कणही येतात. ओलाव्यात ते विरघळून दगडाच्या छिद्रांत शिरतात. पाणी सुकले की तिथेच स्फटिक होतात. वाढणाऱ्या स्फटिकाचा दाब दगडाचे पापुद्रे सोडवतो. दरवर्षी ओले, दरवर्षी सुके, असे चौदाशे वर्षे चालले आहे. ज्या पाण्याने हे लेणे खोदणाऱ्यांना जगवले, तेच लेणे झिजवतही आहे. मूर्तींना हात लावू नका, असे का सांगतात, हे त्यानंतर वेगळे समजवावे लागत नाही.

वसई : खाऱ्या पाण्यावर तरंगणारे गोडे पाणी

तिसरी सहल वसईच्या किल्ल्याची. वसई रोड स्थानकावरून बस किंवा रिक्षा मिळते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत ती त्यांच्याकडेच होती. सुमारे ११० एकरांच्या तटबंदीत चर्च, मठ, घरे होती. एक अख्खे शहरच होते ते.

इथे टाकी कोरण्याजोगा उंच डोंगर नाही. जमीन सपाट, बाजूला खाडी आणि समुद्र. तरी किल्ल्यात विहिरी आहेत, आणि बाहेरच्या गावांत तर वाडीवाडीला विहीर. एके काळी त्यांवर रहाट फिरत आणि केळी, भाजीपाला, पानवेली पिकत. समुद्राला इतक्या लागून खोदलेल्या विहिरीला गोडे पाणी कसे लागते?

उत्तर घनतेत आहे. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला १,००० किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १,०२५ किलो. किनाऱ्याजवळ वाळूच्या थरात खालून समुद्राचे पाणी शिरलेले असते. पावसाचे मुरलेले पाणी त्याच्यावर तरंगते. डच अभियंता बादोन घायबेन यांनी १८८८-८९ मध्ये आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये याचे गणित स्वतंत्रपणे मांडले. ते दहावीच्या मुलांना सहज जमेल.

समजा, विहिरीतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा h मीटर वर आहे आणि गोडे पाणी समुद्रसपाटीच्या खाली z मीटरपर्यंत आहे. समतोल असेल तर गोड्या पाण्याच्या पूर्ण स्तंभाचा दाब आणि शेजारच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सारखा हवा :

(h + z) × १,००० = z × १,०२५

यावरून z × २५ = h × १,०००, म्हणजे z = ४० h.

पातळी समुद्रापेक्षा फक्त एक मीटर वर असेल, तर खाली चाळीस मीटर गोडे पाणी! हिमनग जसा थोडा वर आणि बराच खाली असतो, तसेच हे. अर्थात हे आदर्श गणित आहे. खाली कातळ लागला की थर तिथेच संपतो, आणि गोड्या-खाऱ्याची सीमा रेघ मारल्यासारखी नसते, मध्ये मचूळ पाण्याचा पट्टा असतो. पण समीकरणाचा मुख्य अर्थ त्यामुळे बदलत नाही.

किल्ल्यापुरता हिशेब करायचा तर ११० एकर म्हणजे सुमारे ४ लाख ४५ हजार चौरस मीटर. त्यावर २ मीटर पाऊस पडतो. त्याचा दहावा हिस्सा मुरला असे धरले, तरी ८९ हजार घनमीटर पाणी जमिनीत जाते. खांद्यावर घडे वाहून इतके पाणी कोणी आणू शकले नसते.

आता तेच समीकरण उलटे वाचा. पंप लावून पातळी एक मीटर खाली नेली, तर खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर येऊ पाहते. काढले थोडे, गमावले पुष्कळ. बैलाने फिरणारा रहाट बैल दमला की थांबे. विजेचा पंप थांबत नाही. वसईत वस्ती वाढली, पाणी टँकरने जाऊ लागले, आणि पिढ्यान्पिढ्या गोड असलेल्या काही विहिरी खारट होऊ लागल्या. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पाणी हा म्हणूनच एक मुख्य मुद्दा होता.

वसईच्या गावांत एक शब्द ऐकायला मिळतो : 'बावखल'. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे डबके-वजा तळे. पावसाळ्यात ते भरते, सावकाश मुरते आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर आधार देते. पाठ्यपुस्तकात ज्याला भूजल पुनर्भरण म्हणतात, ते काम बावखले गाजावाजा न करता करत होती. जमिनीचे भाव चढले तशी त्यांतली अनेक बुजवली गेली. उरलेली वाचवण्यासाठी गावकरी आज धडपडत आहेत. किल्ला पाहून परतताना एखादे बावखल मुलांना जरूर दाखवावे. त्याला तिकीट नाही आणि पाटीही नाही, पण वारसा म्हणून ते तटबंदीपेक्षा कमी नाही.

पुन्हा शहरात

तीन सहलींनंतर मुले मुंबईकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, समुद्राजवळ असूनही गोड पाण्याची. वसईचे गणित आठवले की तिचे कोडे तितके गूढ वाटत नाही. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक : बसवर वाचलेली ही नावे म्हणजे बुजवलेली तळी आहेत.

ती का बुजवली? सगळा दोष अज्ञानाला देऊन चालणार नाही. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला. हिवताप पसरवणारे डास शहरातल्या विहिरी आणि टाक्यांतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढत होते. त्यानंतर अनेक विहिरी बंद केल्या गेल्या. नळाचे पाणी घरात आले होते, तेव्हा कोणाला हळहळ वाटली नाही. रोग आटोक्यात आणण्यासाठी ते करणे भाग होते. पण त्याबरोबर पावसाकडे पाहण्याची सवयही गेली. आज शहराचे बहुतेक पाणी शंभर किलोमीटर आणि त्याहून दूरच्या धरणांतून येते, आणि शहरावर पडलेला पाऊस आपण गटारांतून समुद्राला देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या सूत्राने १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ९४,४०० लिटर. कान्हेरीची जवळजवळ आठ टाकी, एका दिवसात. त्या दिवशी हे पाणी साठा म्हणून नव्हे, पूर म्हणून आले. २००२ पासून मुंबईत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी धरण्याची सोय करणे बंधनकारक आहे. सोय केली की झाले असे नाही. पन्हळ साफ कोण ठेवतो आणि टाके झाकलेले आहे का, हे प्रश्न कान्हेरीत होते तसेच आजही आहेत.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. यू आकाराच्या काचनळीत मिठाचे संपृक्त द्रावण घ्या. एका बाजूने रंगीत साधे पाणी काठावरून हळूहळू सोडा. दोन्ही बाजूंची उंची मोजा. संपृक्त द्रावणाची घनता साध्या पाण्याच्या सुमारे १.२ पट असते, म्हणून १० सेंमी द्रावणाला सुमारे १२ सेंमी पाणी तोलून धरते. इथे z हा h च्या चाळीस पट नाही, पाच पट येईल. का, ते मुलांनीच समीकरणातून काढावे.

२. सारख्याच पाण्याने भरलेले एक पसरट भांडे आणि एक अरुंद तोंडाची बाटली आठवडाभर वर्गात ठेवा. रोज वजन करा आणि आलेख काढा.

३. घराजवळच्या दोन-तीन विहिरींचे पाणी मालकाला विचारून आणा. प्रत्येकात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे काही थेंब टाका. पांढरा साका जितका दाट, तितके क्लोराइड जास्त. हे द्रावण हाताला लागले तर काळे डाग पडतात, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. पाणी चाखून पाहू नये.

४. शाळेची गच्ची मोजा. वर्षभरात तिच्यावर किती लिटर पाणी पडते? शाळेत रोज किती लागते? दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

जाण्यापूर्वी एक लक्षात असू द्यावे : कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद असतात. कान्हेरीला नोव्हेंबरमध्ये एकदा आणि शक्य असल्यास एप्रिलमध्ये पुन्हा जावे. दोन्ही वेळी एकाच टाक्याची खोली मोजून फरक काढावा. ज्या मुलीने नळ विचारला होता, तिने एप्रिलमध्ये तसेच केले. उत्तर काय आले ते आम्ही इथे सांगत नाही. तुमच्या मुलांना मोजू द्या.